बाकाचे प्रयोजन

काकांनी सबंध आयुष्यात एकही पत्र कुणाच्या दारात टाकलेलं नव्हतं, तरी अख्खी सोसायटी त्यांना ‘पोस्टमन काका’ म्हणत असे. ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागायची. काका सॉर्टर होते. मुख्य टपाल कचेरीच्या मागच्या लांबट खोलीत, बहात्तर खणांच्या कपाटासमोर उभं राहून चौतीस वर्षं त्यांनी पत्रांची वाटणी केली होती. पत्ता वाचायचा, मनगट वळवायचं, पत्र खणात. डॉक्टरांचं अक्षर, शाळकरी पोरांचं अक्षर, भांडून घर सोडलेल्या माणसाचं घाईघाईचं अक्षर, सगळं त्यांना वाचता यायचं. एकदा नुसतं ‘मोठ्या ताईला, विहिरीजवळ’ एवढाच पत्ता असलेलं पाकीट त्यांनी बरोबर गावाच्या थैलीत टाकलं होतं. ते गाव बरोबर होतं हे कशावरून, असं काकूंनी एकदा विचारलं.

“परत आलं नाही ना!” काका म्हणाले.

सॉर्टर आणि पोस्टमन यांतला फरक त्यांनी शेजारच्या कंपाउंडरना अनेकदा समजावून सांगितला होता. कंपाउंडर दर वेळी लक्षपूर्वक ऐकत आणि शेवटी म्हणत, “म्हणजे पोस्टमनच. पण आतले.”

तर अशा या आतल्या माणसाने एका सकाळी पहिल्या मजल्याच्या खिडकीतून बाहेर पाहिलं आणि तिथून पुढचा सगळा घोळ सुरू झाला.

सोसायटी चढावर होती. खाली दुकानं, दूध, वाचनालय, माणसं. वर ही इमारत. मधे एक वळण, आणि वळणावर विजेची लोखंडी पेटी. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले होते आणि रोज थोडं चाला, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. काकूंना हे बजावण्याची खरं तर गरज नव्हती. त्या जन्माच्या चालणाऱ्या. पण त्या सकाळी काकांना दिसलं की काकू वळणावर त्या पेटीला धरून उभ्या आहेत. खालून कुणीतरी येत होतं. काकूंनी चटकन मान वर केली आणि पेटीवरचा धोक्याचा फलक वाचू लागल्या. येणारा निघून गेला. काकू वाचतच होत्या. त्या फलकावर चार शब्द आणि एक कवटी एवढाच मजकूर होता.

काका खिडकीतून मागे सरकले. काकू घरात आल्या तेव्हा ते पेपरात डोकं खुपसून बसले होते.

“कसं झालं फिरणं?”

“छान,” काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांना कंटाळा आला होता. तिसऱ्या दिवशी म्हणे वारा फार होता. चौथ्या दिवशी त्यांनी कारणच सांगितलं नाही. दूध आणि भाजी काका आणू लागले आणि काकू खिडकीत बसून वीणकाम करू लागल्या. त्यांना वीणकाम आवडत नसे. विणत असलेली वस्तू काय आहे हे अखेरपर्यंत कुणालाच कळलं नाही.

अशातच ते पत्रक आलं. जुन्या बर्फाच्या कारखान्याच्या शेडमध्ये प्लास्टिकचं नवं यंत्र बसवलं होतं. एरवी कुणीच घेत नाही असं सगळं मिसळलेलं प्लास्टिक, म्हणजे पिशव्या, वेष्टनं, झाकणं, फुटक्या बादल्या, हे यंत्र एकत्र दळून, वितळवून त्याच्या फळ्या काढणार होतं. यंत्राच्या चाचणीसाठी घराघरातलं प्लास्टिक हवं होतं. जो कुणी दीडशे किलो आणून देईल, त्याने सांगितलेल्या सार्वजनिक जागी त्याच फळ्यांचं एक बाक बसवून मिळेल. शेवटी ठळक अक्षरांत होतं: ‘वर्गीकरणाची आवश्यकता नाही.’

काकांनी पत्रक दोनदा वाचलं. बाक! वळणावर! शेवटची ओळ मात्र त्यांना जरा टोचली. आवश्यकता नाही म्हणजे काय? मग बराच विचार करून त्यांनी तिचा अर्थ लावला. ज्यांना वर्गीकरण जमत नाही अशा सामान्य लोकांना दिलेली ती सवलत होती. ज्याला जमतं त्याने ती घ्यावी असं थोडंच आहे!

काकूंना त्यांनी एवढंच सांगितलं की आपण सोसायटीसाठी एक बाक मिळवणार आहोत. काकू म्हणाल्या, “बरं,” आणि वीण मोजू लागल्या.

आधी नगरपालिकेच्या ऑफिसात अर्ज द्यायचा होता. अर्जात सतरा रकाने होते. सोळा काकांनी झरझर भरले. सतरावा होता ‘बाकाचे प्रयोजन’. काकांनी लिहिलं: बसणे.

खिडकीपलीकडच्या कारकुनाने अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला आणि सतराव्यावर बोट ठेवलं.

“हे काय?”

“प्रयोजन.”

“बसणे?”

“बाकाचं दुसरं काय करतात?”

“ते मलाही माहीत आहे हो. पण इथे तीन ओळी दिल्यात. तीन ओळींचं प्रयोजन लागतं. कोण बसणार, का बसणार, आणि आत्तापर्यंत कुठे बसत होते.”

“आत्तापर्यंत बसायला जागा नव्हती म्हणून तर…”

“मग लिहा ना तसं.”

काका भिंतीकडेच्या खुर्चीवर जाऊन बसले. खोटं काहीतरी ठोकून देता आलं असतं. ज्येष्ठ नागरिक, निसर्गसौंदर्य वगैरे. पण सरकारी कागदावर खोटं लिहायला त्यांचा हात कधी उचलला नव्हता. पेन तोंडात धरून ते दहा मिनिटं बसले. मग त्यांनी लिहायला सुरुवात केली, तीन ओळी संपल्या, समास संपला, तेव्हा कागद उलटून ते मागच्या बाजूला गेले.

कारकुनाने पुढची बाजू वाचली. मागची वाचली. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा मागची वाचली. मग शिक्का मारला.

“फक्त एक,” तो म्हणाला, “विजेच्या पेटीला लागून बाक देता येत नाही. कुणी टेकलं तर जबाबदारी कोणाची? दहा पावलं खाली चालेल?”

“चालेल,” काका म्हणाले.

आता दीडशे किलो प्लास्टिक. प्लास्टिक म्हणजे मुळात वजन नसलेली वस्तू हे काकांच्या पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं. दोघांच्या घरातून सात दिवसांत अर्धा किलो निघालं. या हिशेबाने बाक यायला सहा वर्षं लागली असती आणि तोपर्यंत दोघांचे मिळून चार गुडघे गेले असते. म्हणून काका सेक्रेटरींकडे गेले. सोसायटीचे सेक्रेटरी तोंडाने फार कमी बोलत. त्यांचा सगळा कारभार परिपत्रकाने चाले. त्यांच्या घरातही म्हणे फ्रिजवर परिपत्रकं लावलेली असत. त्यांनी लगेच एक काढलं: ‘सर्व सभासदांनी आपापले प्लास्टिक पोस्टमन काका यांचेकडे जमा करावे.’

“सॉर्टर,” काका म्हणाले.

“पुढच्या परिपत्रकात दुरुस्ती करू,” सेक्रेटरी म्हणाले. ती अजून व्हायची आहे.

आणि प्लास्टिक येऊ लागलं. काका दार उघडायचे तर दार बाहेरून ढकललं जायचं. फुटके मग, पाय गेलेल्या खुर्च्या, कुणाचं तरी आठ वर्षं धूळ खात पडलेलं नकली झाड. एका बाईंनी नवऱ्याची बॅडमिंटनची फुलं आणून दिली आणि “त्यांना सांगू नका,” म्हणाल्या. तासाभराने नवरा येऊन त्यांची व्यायामाची दोरी देऊन गेला, त्याच अटीवर. लोकांच्या घरात इतकं प्लास्टिक आणि इतकी गुपितं असतील याची काकांना कल्पना नव्हती.

कंपाउंडर रोज येत. त्यांनी पन्नास वर्षं दवाखान्यात पुड्या बांधल्या होत्या आणि त्यांचा प्रत्येक सल्ला पुडीत बांधल्यासारखा असे.

“प्लास्टिक हाताळायचं ते जेवणानंतर,” ते म्हणाले. “उपाशीपोटी नाही. आणि एका वेळी दोन पोत्यांच्या वर नको.”

“का?”

“अंगाला सवय लागते.”

मदत मात्र त्यांनी कधी केली नाही. औषध लिहून देणाऱ्याने ते स्वतः घ्यायचं नसतं, असं त्यांचं मत होतं.

खरं संकट आलं ते तिसऱ्या मजल्यावरून. तिथल्या बिऱ्हाडाने गच्चीवरची जुनी पाण्याची टाकी काकांना देऊन टाकायचं ठरवलं. काळीभोर, पाचशे लिटरची. वजनाच्या दृष्टीने हे घबाडच होतं. चौघांनी ती जिन्यातून खाली सोडली आणि दुसऱ्या व पहिल्या मजल्यांच्या मधल्या वळणावर ती बसली. बसली म्हणजे अशी बसली की वर जाईना, खाली येईना, बाजूने उंदीरही जाईना. सेक्रेटरी वरच्या बाजूला अडकले. पंधरा मिनिटांत टाकीच्या वरून एक कागद तरंगत खाली आला: ‘जिना बंद असल्याबाबत.’

“साबण लावा,” कंपाउंडर म्हणाले. “बोटात अडकलेली अंगठी तशीच निघते.”

साबण लावला. टाकी निघाली नाही, पण दोन जण पायऱ्यांवरून घसरले. शेवटी काकांनी सुताराकडून करवत आणली आणि टाकी कापायला घेतली. साडेतीन तास. प्रत्येक घासागणिक पोकळ टाकी असा काही सूर काढायची की समोरच्या इमारतीतले लोक कोण आजारी आहे ते विचारायला आले. दुपारी एकदाची टाकीची भिंत फुटली आणि पलीकडे सेक्रेटरींचं तोंड दिसलं. ते हाताने एक कागद पुढे करत होते. काकांनी तो वाचला नाही. वाकून पहिला तुकडा उचलला तेव्हा त्यांच्या कमरेत काहीतरी ‘कट्’ असं म्हणालं. काकांनी तिकडे दुर्लक्ष केलं. चौतीस वर्षं उभं राहिलेली कंबर होती ती. तिला बोलायची सवय नव्हती.

पण काकांचा खरा जीव रमला होता तो घरात. दिवाणखान्याच्या भिंतीला त्यांनी खोकी एकावर एक रचून बावीस खण केले होते. झाकणं: आटे असलेली, आटे नसलेली. नळ्या. दांडे. पिशव्यांचे तर तीन प्रकार: चुरचुरणाऱ्या, करकरणाऱ्या आणि मुक्या. पिशवी कानापाशी धरून चुरगाळायची, ऐकायचं, मनगट वळवायचं, खणात. निवृत्त झाल्यापासून इतकं शांत त्यांना वाटलं नव्हतं. काही तुकडे मात्र असे यायचे की कान आणि हात दोन्ही त्यांच्याबद्दल कुरबुर करायचे. जड, तेलकट, पाइपच्या जातीचे. टपाल कचेरीत पत्ता लागत नसलेल्या पत्रांची जशी वेगळी थैली असते तशी त्यांनी या मंडळींसाठी एक वेगळी पिशवी केली आणि तिच्यावर लिहिलं: संशयित.

“माझ्या डब्याचं झाकण कुठे आहे?” स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज यायचा.

“कसलं होतं?”

“झाकणासारखं!”

“गोल असेल तर खण नंबर चार. पण विचारल्याशिवाय काढू नकोस, मोजलंय.”

काकूंनी कपाळाला हात लावला. दूध संपलं होतं. काकांना त्याची शुद्धच नव्हती. काकू पिशवी घेऊन खाली जाऊन आल्या. दुसऱ्या दिवशी भाजी संपली, तिसऱ्या दिवशी काकांनी पोती शिवायला सुतळी मागितली. असं तीन आठवडे चाललं, रोज दोन-दोन खेपा. काकू कधी बाहेर गेल्या, कधी आल्या, हे काकांना कळत नव्हतं, कारण खिडकीपुढे मुक्या पिशव्यांचा खण आला होता.

वजन करायला घरातला काटा होता. पोतं कवटाळून काका त्यावर उभे राहायचे आणि मग स्वतःला वजा करायचे. शेवटच्या दिवशी सगळं मिळून दीडशेला सव्वा किलो कमी पडलं. काका खोकी उलथीपालथी करत होते, तेव्हा काकू मोरीतून आपलं प्लास्टिकचं स्टूल घेऊन आल्या. ऑपरेशननंतर अंघोळीला बसायला आणलेलं.

“हे घ्या.”

“अगं, हे तुला लागतं!”

“नाही लागत आता.”

काकांनी स्टूल हातात घेतलं, बोटाने वाजवून पाहिलं आणि म्हणाले, “खण नंबर नऊ.”

चाचणीच्या दिवशी टेंपो आला. काकांना कमरेत वाकता येत नव्हतं, म्हणून काकू बरोबर निघाल्या, आणि काकांना वाकता येत नसताना काय करावं हे सांगायला कंपाउंडर निघाले. बर्फाच्या कारखान्याच्या शेडमध्ये ते यंत्र उभं होतं. एका टोकाला मोठं तोंड, मधे जाड नळकांडं, दुसऱ्या टोकाला लोखंडी साचा. ते चालवणारी इंजिनिअर तिशीच्या आतली, हातभर काळी झालेली, हसऱ्या चेहऱ्याची मुलगी होती.

“या आजोबा! या काकू!” ती म्हणाली.

एकाच जोडप्यात ही अशी वाटणी तिने कशी केली ते काकांना समजेना. त्यांनी अभिमानाने पोती मांडायला लावली. बावीस पोती, बावीस चिठ्ठ्या, शिवाय संशयितांची पिशवी.

मुलीच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. “आजोबा, तुम्ही हे वेगळं केलंत?”

“सगळं,” काका म्हणाले. “एक तुकडा इकडचा तिकडे सापडायचा नाही.”

“अहो, पण आमचं सगळं काम मिसळण्यावर आहे!” मग काकांचा चेहरा पाहून ती सावरून समजावू लागली. “वेगवेगळ्या जातीचं प्लास्टिक वितळवून एकत्र ओतलं ना, तर ते एकमेकांना धरत नाही. थंड झालं की पापुद्रे सुटतात. म्हणून आजवर आधी वेगळं करावं लागायचं, आणि ते परवडत नाही म्हणून सगळं कचऱ्यात जायचं. आता आम्ही त्यात ही पावडर घालतो. ती दोन जातींच्या मधे बसते. एक हात याचा धरते, एक हात त्याचा.”

“म्हणजे घरातल्या बाईसारखी,” काकू म्हणाल्या.

“अगदी तशीच, काकू!”

“तरीपण,” काकांनी घसा साफ केला, “ओळीने घातलं तरी शेवटी आत मिसळेलच की.” आणि मुलगी नको नको म्हणत असताना, कंपाउंडरांनी हळूच, डोस बेताचा ठेवा असं सुचवलेलं असताना, त्यांनी मुक्या पिशव्यांचं अख्खं पोतं यंत्राच्या तोंडात ओतलं.

यंत्राने आधी घोगरा आवाज काढला. मग उचकी दिली. मग आतल्या पात्यांभोवती पिशव्यांचा असा गुंडाळा झाला की ते ढेकर अर्धवट राहिलेल्या माणसासारखं थरथरलं आणि गप्प झालं. “नुसत्या पिशव्या गेल्या की असं होतं,” मुलगी म्हणाली. “टणक काही बरोबर असलं की त्या कापल्या जातात.”

पाती सोडवायला दोन तास गेले. तेवढा वेळ काका एका उलट्या क्रेटवर बसून होते. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून टपाल अडलं नव्हतं, आणि आज त्यांच्याच हाताच्या नीटनेटकेपणाने एक यंत्र बंद पडलं होतं. कंपाउंडर शेजारी येऊन उभे राहिले. “होतं असं,” ते म्हणाले. “काही माणसांना औषधच बाधतं.”

पाती मोकळी झाली तेव्हा काकूंनी बाह्या वर सारल्या. “आता सगळी पोती इथे जमिनीवर ओतायची, होय ना?”

“सगळी,” मुलगी म्हणाली.

“तुम्ही डोळे मिटा,” काकू काकांना म्हणाल्या आणि पोतं नंबर एक उलटं केलं.

काकांनी डोळे मिटले नाहीत. आटे असलेली झाकणं आटे नसलेल्यांत मिसळली. करकरणाऱ्यांवर नळ्या पडल्या, नळ्यांवर टाकीचे काळे तुकडे. काकू भराभर वाकत होत्या, दोन्ही हातांनी ढीग खालीवर करत होत्या. मुलगी तेवढ्यात नोंदवही घेऊन आली. प्रत्येक चाचणीबरोबर अर्जाची नक्कल जोडायची असे. कुठलं प्लास्टिक, कुठे जाणार, कशासाठी. तिने नक्कल काढली आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागली.

“प्रयोजन… ‘अर्जदाराच्या पत्नीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असून तिला चढ एका दमात चढता येत नाही. मध्ये बसण्यास जागा नसल्याने ती विजेच्या पेटीस धरून उभी राहते व कोणी येताना दिसल्यास पेटीवरील सूचना वाचत असल्याचे दाखवते. सदर सूचना चार शब्दांची आहे. ती किती वेळ वाचणार?’”

“ते वाचायची गरज नाही,” काका क्रेटवरून घाईघाईने उठायला गेले आणि कमरेत कळ येऊन परत बसले.

मुलीने नकळत कागद उलटला होता. “‘सदर पत्नीस पायी फिरणे अतिशय आवडते. लग्नानंतर पहिली बरीच वर्षे अर्जदारास तिच्या बरोबरीने चालता येत नसे व ती पुढे जाऊन थांबत असे. हल्ली ती घरातच बसते व विणते. वाटेत टेकायला जागा मिळाल्यास ती पुन्हा बाहेर पडेल अशी अर्जदारास आशा आहे. बाक इतरांनी वापरण्यासही हरकत नाही.’”

काकूंचे हात ढिगातच थांबले होते. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. कंपाउंडरांनी सल्ला देण्यासाठी तोंड उघडलं आणि त्यांच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच ते तसंच मिटलं.

“तुम्ही खिडकीतून बघत होतात?” काकू ढिगाकडे पाहत म्हणाल्या.

“नाही. म्हणजे, एकदाच.”

“मग हाक का नाही मारलीत? मदतीला का नाही आलात?”

काका गोंधळले. “तू वाचत होतीस,” ते म्हणाले.

काकूंनी मान आणखी खाली घातली. त्या हसत होत्या की काय ते कळेना. मनगटाने त्यांनी नाक पुसलं, त्यामुळे नाकावर टाकीची काळी भुकटी लागली, आणि मग त्या जोरजोरात ढीग कालवू लागल्या. काका क्रेट सरकवत सरकवत ढिगापाशी आले. थोडा वेळ त्यांनी नुसतं पाहिलं. मग स्वतःच्या हाताने एक मुकी पिशवी उचलली आणि झाकणांत टाकली. मग दुसरी. हात सुरुवातीला अडखळत होता. नंतर नंतर त्यालाही गंमत वाटू लागली.

ढीग यंत्रात जाण्याआधी मुलगी विचारू लागली की यात पाइपच्या जातीचं काही नाही ना. बाकी सगळं चालतं, तेवढं एक तापवलं की विषारी वाफ सोडतं आणि साचा खाऊन टाकतं. तिला स्वतःला आता सगळा ढीग उपसावा लागणार होता. काकांनी क्रेटमागून संशयितांची पिशवी काढून दिली. मुलीने त्यातला एकेक तुकडा पाहिला, मग ढिगात कोपरापर्यंत हात घालून चार ठिकाणी शोधलं. एकही सापडला नाही.

“हे तुम्ही कसं ओळखलंत?”

“आम्ही सॉर्टर,” काका म्हणाले. “पोस्टमन वेगळे.”

संध्याकाळच्या आत यंत्राने पहिली फळी बाहेर सोडली. तिच्या रंगाला नाव देता येण्याजोगं नव्हतं. काळ्याकडे झुकलेली, मधूनच लाल-निळे ठिपके, एके ठिकाणी नकली झाडाच्या पानाची हिरवी रेघ. कंपाउंडर म्हणाले, रंगावर जाऊ नका, गुण बघा. काकूंनी त्या गरम फळीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

बाक यायला आणखी महिना लागला. तो कारकून स्वतः मोजायची फीत घेऊन आला, पेटीपासून दहा पावलं त्याने आपल्या पायांनी मोजली, मग दोघांची उंची सारखी नाही म्हणून पुन्हा काकूंच्या पायांनी मोजली. सेक्रेटरींनी उद्घाटनाचं परिपत्रक वाचून दाखवलं आणि सगळ्यांत आधी स्वतः बसून पाहिलं. डावीकडे जरा कललंय, असं त्यांचं मत पडलं. त्यावर चर्चा झाली. कंपाउंडरांच्या मते थोडा कल पाठीला चांगलाच, पण जेवणानंतर. अखेर सगळे घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका-काकू खालून दूध-भाजी घेऊन चढ चढत होते. काकांच्या कमरेला कंपाउंडरांनी स्वतः बांधलेला रुंद पट्टा होता. काकू काहीतरी सांगत पुढे चालल्या होत्या, पिशवी हलवत, हातवारे करत. बोलता बोलता त्या बाकापाशी आल्या, बाकावरून पुढे गेल्या, वळणावर पोचल्या आणि मग बोलण्याला उत्तर येत नाही म्हणून त्यांनी मागे पाहिलं.

काका बाकापाशी उभे होते. बसले नव्हते. एक हात कमरेवर, एक बाकाच्या पाठीवर, आणि चेहऱ्यावर, खणच नसलेल्या गावाचं पत्र हातात आल्यासारखा भाव. तीन आठवडे रोज दोनदा हा चढ चढलेल्या बाईकडे ते पहिल्यांदाच नीट बघत होते.

काकूंच्या एकदम लक्षात आलं. त्या वळल्या आणि दहा पावलं उतरून परत खाली आल्या. पिशवी बाकावर ठेवली, गुडघ्याला हात लावला आणि टेकल्या.

“हुश्श! दमले बाई. किती हा चढ!”

चुरचुरणारी पिशवी आणि करकरणारी पिशवी डोळे मिटून ओळखणाऱ्या काकांनी कान देऊन ऐकलं. काकूंचा श्वास अगदी संथ चालला होता. काका सावकाश, पट्टा सांभाळत, दोन हप्त्यांत त्यांच्या शेजारी बसले.

“गुडघा दुखतोय का फार?”

“फार,” काकू आनंदाने म्हणाल्या. “आणि तुमची कंबर?”

“छे! कमरेला काय झालंय?”

“मग बसू या थोडं,” काकू म्हणाल्या. “माझ्यासाठी.”